घरी मुद्रित केलेले गाणे रेडिओच्या प्रोसेसरसाठी कसे तयार करावे

गोव्यातील भजनी मंडळे, घुमट या मातीच्या तालवाद्याच्या साथीने घुमट आरती गाणारी पथके आणि नाट्यगीते गाणारे कलाकार आता लॅपटॉप, एक ऑडिओ इंटरफेस आणि दोन-तीन मायक्रोफोन यांच्या बळावर घरीच बऱ्यापैकी ध्वनिमुद्रण करू लागले आहेत. हे ध्वनिमुद्रण हेडफोनवर समाधानकारक वाटते. पण तेच रेडिओवरून लागले की झांज चिरकते, पेटी गायकाच्या अंगावर येते आणि आलापामागून पंख्याची घरघर ऐकू येऊ लागते. यात दोष बहुधा प्रक्षेपणाचा नसतो आणि पूर्णपणे ध्वनिमुद्रणाचाही नसतो. केंद्रात प्रक्षेपकाच्या आधी बसवलेला प्रोसेसर आपल्या गाण्याचे पुढे काय करणार आहे, याचा विचार मिक्स करताना, म्हणजे वेगवेगळे मुद्रित आवाज एकत्र जुळवताना, झालेला नसतो, एवढेच.

प्रोसेसर काय करतो

एफएम प्रक्षेपणात आवाजाच्या तीव्रतेनुसार वाहक लहरीची कंप्रता (फ्रिक्वेन्सी) ७५ किलोहर्ट्झपर्यंत वर किंवा खाली सरकते आणि ही मर्यादा ओलांडता येत नाही. त्या मर्यादेत राहूनही गाणे, निवेदन आणि जाहिरात एकसारख्या पातळीवर ऐकू यावे, यासाठी प्रोसेसर असतो. रॉबर्ट ऑर्बन यांनी १९७५ मध्ये आणलेल्या ‘ऑप्टिमोड’ या यंत्राने कॉम्प्रेसर (आवाजातील चढउतार कमी करणारा), लिमिटर (ठरलेल्या पातळीवर आवाज अडवणारा) आणि स्टिरिओ कोडर (डावी-उजवी बाजू प्रक्षेपणासाठी एकत्र बांधणारा) एकाच पेटीत आणले. आजची यंत्रे त्याहून कितीतरी गुंतागुंतीची असली, तरी कामाचा क्रम साधारण तसाच आहे.

आत शिरलेला आवाज प्रथम एका संथ स्वयंचलित पातळी-नियंत्रकातून जातो. हा नियंत्रक मोठे गाणे खाली आणतो आणि हळू गाणे वर उचलतो. त्यानंतर आवाजाचे खर्ज ते तार असे अनेक पट्टे पाडले जातात, बहुधा पाच, आणि प्रत्येक पट्टा स्वतंत्रपणे दाबला जातो. शेवटी लिमिटर आणि क्लिपर उरलेली शिखरे छाटतात. बहुतेक प्रोसेसरांत सुरुवातीला एक फेज रोटेटरही असतो. मानवी आवाजाची लहर वरच्या आणि खालच्या बाजूला सारखी नसते, ती सारखी करणे हे त्याचे काम.

या रचनेतून घरी मिक्स करणाऱ्यासाठी एक निष्कर्ष निघतो आणि या लेखातील सारे त्याभोवतीच फिरते: गाणे मोठे करण्याचे काम केंद्रातला प्रोसेसर करणारच आहे, म्हणून आपण ते आधी करून पाठवू नये. लिमिटरने ठासून भरलेली फाईल पाठवली, तर नियंत्रक तिला सरळ खाली ओढतो आणि ती शेजारच्या गाण्यापेक्षा मोठी ऐकू येत नाही. शिवाय छाटलेल्या माथ्यांची लहर फेज रोटेटरमधून आणि एफएमसाठी लागणाऱ्या १५ किलोहर्ट्झच्या तीव्र गाळणीतून गेली की तिचा आकार बदलतो, सपाट केलेली शिखरे पुन्हा उभी राहतात आणि क्लिपर त्यांना दुसऱ्यांदा छाटतो. आवाज फाटतो तो या दुसऱ्या छाटणीत. एकदा पिळून घेतलेल्या खोबऱ्यातून दुसऱ्यांदा दाट रस निघत नाही, तसेच हे आहे.

मुद्रणाच्या वेळची काळजी

कोणतेही काम सुरू करण्याआधी ज्या केंद्राला गाणे द्यायचे आहे, त्याला फाईलचा प्रकार, पातळी आणि कालावधी यांविषयी काय अपेक्षित आहे हे विचारून घ्यावे. केंद्राने सांगितलेले मानक आणि या लेखातील आकडे यांत फरक असेल, तर केंद्राचे मानक पाळावे.

मुद्रण २४ बिट आणि ४८ किंवा ४४.१ किलोहर्ट्झवर करावे. गायक पूर्ण ताकदीने तार सप्तकात गातो तेव्हा मीटरवरील शिखर उणे १२ ते उणे १० डेसिबलच्या आसपास राहील, अशा बेताने इंटरफेसचा गेन, म्हणजे आत येणारा आवाज किती वाढवायचा ते प्रमाण, ठेवावा. २४ बिटच्या मुद्रणात पातळी कमी ठेवल्याने काही गमवावे लागत नाही. भजनात मात्र रंग चढत जातो आणि सुरुवातीला जुळवलेला गेन शेवटच्या गजरात जास्त ठरतो, म्हणून चाचणीसाठी अभंगाची पहिली ओळ न घेता शेवटचा गजरच गाऊन घ्यावा.

आता गोंगाटाचा प्रश्न. प्रोसेसरमुळे हळू भाग सहज दहा डेसिबलपर्यंत उचलला जाऊ शकतो, आणि त्याच्याबरोबर खोलीतला गोंगाटही तेवढाच उचलला जातो. चांगल्या प्रोसेसरात पातळी फारच खाली गेली की उचलणे थांबवणारी सोय असते. पण तानपुरा सतत वाजत असल्यामुळे आवाज त्या मर्यादेच्या वरच राहतो आणि उचलणे चालूच राहते. त्यामुळे पंखा, फ्रीज आणि एसी मुद्रणाच्या वेळी बंदच असले पाहिजेत. कौलारू घरात पावसाळ्यात मुद्रण करणे हा निव्वळ आशावाद आहे. जून ते सप्टेंबर या काळात स्लॅबखालची, रस्त्यापासून दूरची खोली निवडावी किंवा पाऊस ओसरण्याची वाट पाहावी. चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) आरत्या प्रक्षेपणासाठी द्यायच्या असतील, तर त्या मे महिन्यातच मुद्रित करून ठेवणे शहाणपणाचे ठरते.

वीजपुरवठ्याची ५० हर्ट्झची गुणगुण आणि तिच्या १०० व १५० हर्ट्झच्या पटी हा दुसरा त्रास. लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर मुद्रण केले की ती बरेचदा नाहीशी होते. इन्व्हर्टरवर घर चालू असताना मात्र मुद्रण करूच नये, कारण साध्या इन्व्हर्टरची लहर शुद्ध नसते आणि तिचा किरकिराट गाण्याच्या मधल्या पट्ट्यात येऊन बसतो.

प्रत्येक मुद्रणाच्या आरंभी अर्धा मिनिट कोणीही न बोलता, न हलता खोलीची शांतता मुद्रित करून ठेवावी. पुढे गोंगाट कमी करणारे सॉफ्टवेअर वापरायची वेळ आली, तर त्याला नमुना म्हणून ती लागते. हे सॉफ्टवेअर हलक्या हातानेच वापरावे. जास्त वापरले की आवाजाभोवती पाण्यासारखी बुडबुड उरते आणि प्रोसेसर तीही उचलतो.

झांज, कांसाळे आणि ऊष्म वर्ण

गोव्याच्या संगीतासाठी सर्वांत महत्त्वाचा भाग हाच आहे, म्हणून येथे थोडे सविस्तर लिहितो.

एफएममध्ये ग्रहणाच्या वेळची खरखर कंप्रतेबरोबर वाढत जाते. ती कमी व्हावी म्हणून केंद्र वरच्या कंप्रता मुद्दाम वाढवून पाठवते आणि रेडिओ संच त्या तेवढ्याच उतरवून घेतो. पाठवण्याच्या बाजूच्या या वाढीला प्री-एम्फसिस म्हणतात. भारतात, युरोपप्रमाणेच, तिचे मान ५० मायक्रोसेकंद आहे. अमेरिकेत ते ७५ आहे. ५० मायक्रोसेकंदांच्या हिशेबाने ही वाढ सुमारे ३.२ किलोहर्ट्झपासून जाणवू लागते, ५ किलोहर्ट्झवर ती सुमारे साडेपाच डेसिबल होते, १० किलोहर्ट्झवर सुमारे साडेदहा आणि १५ किलोहर्ट्झवर साडेतेरा डेसिबलच्या वर जाते.

हे मान ठरले तेव्हाच्या संगीतात वरच्या कंप्रतांची ऊर्जा फारशी नसे, त्यामुळे एवढी वाढ खपून जात असे. घुमट आरतीत तसे नाही. घुमट आणि शामेळ या तालवाद्यांच्या जोडीला कांसाळे ही मोठी झांज वाजते आणि पितळेच्या त्या आघातात वरच्या कंप्रतांचा नुसता पूर असतो. भजनातली झांज आणि टाळही तसेच. ती ऊर्जा दहा डेसिबलने वाढून लिमिटरवर आदळली की लिमिटरपुढे दोनच मार्ग उरतात: वरचा पट्टा दाबून सारे गाणे मंद करणे किंवा आघात छाटून तो चिरका करणे. आपल्याला यांपैकी एकही नको आहे.

यावरचा पहिला उपाय मिक्समध्ये नसून बसण्याच्या जागेत आहे. कांसाळे वाजवणाऱ्याला गायकाच्या मायक्रोफोनपासून शक्य तितके दूर आणि त्या मायक्रोफोनच्या पाठीमागच्या बाजूला बसवावे, कारण सर्वसाधारण कार्डिऑइड (मुख्यतः समोरचे ऐकणारा) मायक्रोफोन पाठीकडून सर्वांत कमी ऐकतो. एवढे झाले की त्याला वेगळा मायक्रोफोन देण्याची गरजही बहुधा उरत नाही. दिलाच, तर तो झांजेच्या कडेच्या रेषेत न ठेवता वरून आणि हातभर अंतरावरून ठेवावा. स्वस्त कंडेन्सर मायक्रोफोनांत ८ ते १२ किलोहर्ट्झच्या दरम्यान मुळातच उठाव दिलेला असतो. अशा मायक्रोफोनऐवजी साधा डायनॅमिक मायक्रोफोन झांजेसाठी अधिक उपयोगी पडतो.

मिक्स करताना १० किलोहर्ट्झच्या वर इक्वलायझरने उजळपणा वाढवू नये. गाण्याला ‘हवा’ देण्यासाठी ही युक्ती सर्रास शिकवली जाते, पण रेडिओवर ती उलटते: जितके आपण वाढवू तितके प्रोसेसर दाबतो आणि दाबताना त्याच पट्ट्यातला गायकाचा स्पष्टपणाही घेऊन जातो. शब्द स्पष्ट हवे असतील, तर २ ते ४ किलोहर्ट्झच्या भागात लक्ष घालावे.

गायकाच्या आवाजातील श, ष आणि स हे ऊष्म वर्ण, आणि मराठीत त्यांच्या जोडीला दंततालव्य च, ज, झ यांचे घर्षणही, ५ ते ९ किलोहर्ट्झच्या भागात टोचतात. त्यासाठी डी-एसर, म्हणजे हे टोचणारे वर्ण आले की तेवढाच पट्टा दाबणारे साधन, वापरावे. पण ते एकदाच खोलवर न लावता मुद्रित आवाजावर थोडे आणि नंतर प्रतिध्वनीकडे जाणाऱ्या फाट्यावर थोडे असे दोन ठिकाणी लावावे. प्रतिध्वनीत शिरलेला ‘स’ मूळ वर्ण संपल्यावरही लांबत राहतो आणि प्रोसेसर त्याला अधिकच ठळक करतो.

खर्ज आणि घुमट

घुमट म्हणजे मातीचे मडके. त्याच्या एका तोंडावर चामडे ताणलेले असते आणि दुसरे अरुंद तोंड उघडे असते. एक हात चामड्यावर आघात करतो आणि दुसरा हात उघड्या तोंडाशी हवा रोखून किंवा सोडून नाद बदलतो. मायक्रोफोन त्या उघड्या तोंडासमोर आणला, तर नादाबरोबर हवेचे झोतही आदळतात. ते कानाला जवळजवळ ऐकू येत नाहीत, पण मीटर हलवतात आणि प्रोसेसरचा खर्जाचा पट्टा प्रत्येक झोताबरोबर दबून सुटत राहतो. म्हणून मायक्रोफोन चामड्याच्या बाजूला, थोडा तिरका ठेवावा.

गायकाच्या ट्रॅकवर ८० हर्ट्झच्या खाली, पेटीवर साधारण १०० हर्ट्झच्या खाली आणि संपूर्ण मिक्सवर ३० ते ३५ हर्ट्झच्या खाली हाय-पास फिल्टर, म्हणजे त्याखालचा आवाज काढून टाकणारी गाळणी, लावावा. पेटीच्या भात्याचा धक्का आणि सतरंजीवरून येणारी पायांची धप्पधप्प याने निघून जाते. तबल्याचा डग्गा, पखवाज, घुमट अशी खर्जाची सारी वाद्ये स्टिरिओच्या मध्यभागीच ठेवावीत.

गायक, पेटी आणि प्रतिध्वनी यांचे प्रमाण

प्रोसेसर पुढच्या आवाजाला दाबतो आणि दोन ओळींमधल्या मोकळ्या जागेत मागच्या आवाजाला उचलतो. परिणामी घरी जे अंतर गायक आणि पेटी यांच्यात ठेवले असेल, ते रेडिओवर आक्रसते. घरी पेटी नेमकी वाटते आहे असे म्हणताच तिला आणखी एक-दोन डेसिबल खाली घ्यावे. प्रतिध्वनीच्या बाबतीत हे अधिकच खरे आहे: हेडफोनवर जेवढा गोड वाटतो, त्याहून दोन-तीन डेसिबल कमी ठेवला की प्रक्षेपणात तो योग्य ऐकू येतो. देवळाच्या सभामंडपात केलेल्या मुद्रणात मूळचाच भरपूर घुमारा असतो. त्यावर कृत्रिम प्रतिध्वनी चढवणे हा मला तरी अरसिकपणा वाटतो.

गायकाच्या पातळीतील चढउतार कॉम्प्रेसरवर सोपवण्याआधी हाताने, ओळीओळीने फेडर सरकवून सावरावेत. हे कंटाळवाणे काम आहे, पण त्याचा उपयोग सर्वांत जास्त होतो, कारण हाताने सावरलेल्या गाण्यात प्रोसेसरला काम कमी उरते. त्यानंतर २:१ च्या आसपासचा सौम्य कॉम्प्रेसर, जो मोठ्या ओळींवर दोन-तीन डेसिबलच दाबेल, पुरेसा होतो. ख्यालाच्या किंवा नाट्यगीताच्या आलापाला मात्र सपाट करू नये. सुरुवातीचा आलाप आणि नंतरची तान यांत फरक राहिलाच पाहिजे. फक्त तो इतका नसावा, की मोटारीत ऐकणाऱ्याला आलाप ऐकूच येणार नाही.

स्टिरिओ आणि डोंगर

एफएम स्टिरिओमध्ये डाव्या-उजव्या बाजूंची बेरीज १५ किलोहर्ट्झपर्यंतच्या मुख्य पट्ट्यात जाते, १९ किलोहर्ट्झवर पायलट (स्टिरिओ असल्याची खूण देणारा स्वर) असतो आणि दोन्ही बाजूंमधील फरक ३८ किलोहर्ट्झच्या भोवती, २३ ते ५३ किलोहर्ट्झच्या पट्ट्यात जातो. हा वरचा पट्टा खरखरीला अधिक बळी पडतो. म्हणून संकेत कमकुवत झाला की मोटारीतले रेडिओ हळूहळू मोनोकडे, म्हणजे दोन्ही बाजूंना एकच आवाज देण्याकडे, सरकतात. पणजी-म्हापसा भागात मिळणारे स्वच्छ स्टिरिओ सत्तरीच्या किंवा सांग्याच्या दऱ्यांत आणि चोर्ला घाटाच्या वळणांवर तसे मिळेलच असे नाही. तेथे डोंगरांवरून परावर्तित झालेल्या लहरी थेट लहरींत मिसळतात आणि रुंद स्टिरिओचे गाणे तर विशेष फाटते.

त्यामुळे स्टिरिओ रुंद करणारे प्लग-इन वापरू नयेत. एका मोनो ट्रॅकची प्रत काही मिलिसेकंद मागे सरकवून दोन बाजूंना टाकण्याची युक्तीही टाळावी, कारण मोनोत बेरीज होताच काही कंप्रता एकमेकींना खाऊन टाकतात आणि आवाज नळीतून आल्यासारखा होतो. एकाच वाद्यासाठी दोन मायक्रोफोन वापरले असतील, तर एकाची पोलॅरिटी (लहरीची वर-खाली दिशा) उलटवून मोनोत ऐकावे आणि ज्या स्थितीत खर्ज भरीव राहतो ती स्थिती ठेवावी. वेगवेगळ्या वाद्यांच्या दोन मायक्रोफोनांमधील अंतर हे प्रत्येकाच्या स्वतःच्या वाद्यापासूनच्या अंतराच्या किमान तिप्पट असावे, हा जुना नियम घरच्या छोट्या खोलीतही शक्य तेवढा पाळावा.

गाणे मध्यम लहरींवरूनही जाणार असेल, तर मोनो हा केवळ चाचणीचा विषय राहत नाही. आपल्याकडे मध्यम लहरींवरील केंद्रांमध्ये ९ किलोहर्ट्झचे अंतर असते आणि साध्या संचावर साडेचार किलोहर्ट्झच्या वरचे फारसे काही ऐकू येत नाही.

शेवटची पातळी

तयार मिक्सच्या पातळीसाठी शिखराच्या मीटरबरोबर लाउडनेस मीटरही, म्हणजे कानाला आवाज किती मोठा वाटतो हे मोजणारा मीटरही, लागतो. ‘आयटीयू-आर बीएस.१७७०’ या मानकानुसार मोजणारे मीटर विनामूल्य मिळतात आणि त्यांचे एकक एलयूएफएस हे आहे. भजन, नाट्यगीत आणि शास्त्रीय गायन यांसाठी संपूर्ण गाण्याची पातळी उणे १८ ते उणे १६ आणि आधुनिक वाद्यमेळाच्या गाण्यासाठी फार तर उणे १४ एलयूएफएस ठेवावी, असे माझे मत आहे. ट्रू पीक, म्हणजे लहरीचे खरे शिखर, उणे १ डेसिबलच्या वर जाऊ देऊ नये. शेवटचा लिमिटर लावायचाच असेल, तर तो एखाद्या चुकार आघाताला एक-दोन डेसिबल आवरण्यापुरता असावा. तो सतत काम करताना दिसला, तर मिक्समध्ये मागे जाऊन कारण शोधावे.

घरच्या घरी चाचणी

फाईल पाठवण्याआधी तिची एक प्रत घेऊन तिच्यावर प्रोसेसरची नक्कल करावी. ‘स्टिरिओ टूल’ हे सॉफ्टवेअर याच कामासाठी आहे. ते नसेल, तर रीपर किंवा ऑडॅसिटीसारख्या कोणत्याही सॉफ्टवेअरमध्ये पुढील क्रम लावता येतो. प्रथम पाच किंवा चार पट्ट्यांचा मल्टिबँड कॉम्प्रेसर लावून प्रत्येक पट्टा सहा ते आठ डेसिबल दबेल असे पाहावे. नंतर इक्वलायझरने वर दिलेल्या आकड्यांप्रमाणे वरच्या कंप्रता वाढवाव्यात, त्यावर लिमिटर लावावा, मग तेवढ्याच कंप्रता उतरवाव्यात आणि १५ किलोहर्ट्झवर लो-पास फिल्टर (त्यावरचा आवाज काढणारी गाळणी) लावावा. मूळ मिक्स आणि ही नक्कल कानाला सारख्या पातळीवर आणून आलटून पालटून ऐकाव्यात. नक्कल मंद किंवा चिरकी वाटली, तर झांज आणि ऊष्म वर्ण यांच्याकडे परतावे. गाण्याच्या मागे काहीतरी श्वास घेतल्यासारखे वरखाली होत असेल, तर खर्ज किंवा खोलीचा गोंगाट तपासावा.

यानंतर तीच नक्कल मोनो करून मोबाईलच्या स्पीकरवर, अगदी हळू आवाजात ऐकावी. शब्द कळले पाहिजेत, इतकीच येथे अपेक्षा आहे. शेवटी साडेचार किलोहर्ट्झवर लो-पास लावून एकदा ऐकावे. त्या मर्यादेतही ताल आणि शब्द टिकले, तर मध्यम लहरींचीही काळजी उरत नाही.

फाईल पाठवताना

केंद्राला डब्ल्यूएव्ही फाईल द्यावी, एमपी३ देऊ नये. केंद्राच्या साठवणीत आणि पुढे मोबाईल ॲपवरील प्रक्षेपणात आवाज पुन्हा आकुंचित होण्याची शक्यता असते, आणि प्रत्येक आकुंचनाचे दोष प्रोसेसर उठावदार करतो. १६ बिट मागितले असेल, तर रूपांतर करताना डिदर (बिट कमी केल्याने येणारा विकार झाकणारा अतिसूक्ष्म गोंगाट) लावावा, आणि तोही सर्वांत शेवटी, एकदाच. व्हॉट्सॲपवरून पाठवण्याची वेळ आलीच, तर ऑडिओ म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवावे, म्हणजे फाईल जशीच्या तशी पोहोचते. फाईलचे नाव रोमन लिपीत, मोकळी जागा न सोडता द्यावे, कारण काही जुन्या प्रणालींना देवनागरी नावे उघडत नाहीत.

गाण्याच्या आरंभी अर्ध्या सेकंदापेक्षा जास्त शांतता ठेवू नये. शेवटी मात्र तानपुऱ्याचा नाद पूर्ण विरू द्यावा. समेनंतर काही सेकंदांची पूर्ण शांतता गाण्याच्या मध्येच येत असेल, तर ती केंद्राला आधी कळवावी. अनेक केंद्रांत शांतता ओळखून इशारा देणारी यंत्रणा असते आणि तिला विराम कळत नाही. सोबतच्या कागदावर गाण्याचे पहिले शब्द, एकूण कालावधी, शेवट विरत जातो की एकदम थांबतो, तसेच गायक, वादक, कवी आणि संगीतकार यांची नावे लिहावीत. रचना दुसऱ्याची असेल, तर परवानगीचा कागद जोडावा.

गाणे लागेल त्या वेळी ते मोटारीत आणि घरच्या संचावर, शक्य असल्यास दोन वेगळ्या ठिकाणी ऐकण्याची व्यवस्था करावी आणि संचाच्या हेडफोन जॅकमधून ते मुद्रित करून घ्यावे. हे मुद्रण आपल्या मूळ फाईलशेजारी ठेवून पातळी सारखी केली, की त्या केंद्राचा प्रोसेसर कोणत्या पट्ट्यात किती दाबतो हे कळते, आणि घरच्या नकलेतले आकडे पुढच्या गाण्यासाठी त्याप्रमाणे बदलून ठेवता येतात.